ऑफिसला परत बोलावल्यावर तुम्ही काय केलंत?

'सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसला यायचं' हा मेल बहुतेकांना येऊन गेलाय. कुणी मुकाट्याने गेलं, कुणी राजीनामा दिला, कुणी भांडून काहीतरी पदरात पाडून घेतलं. मला त्या भांडणांबद्दल वाचायचंय. काय मागितलंत, कशाच्या आधारावर, आणि शेवटी काय मिळालं? कंपनीचं नाव नको.

*

मी इंग्लंडमध्ये असते. मॅनेजरने तोंडीच 'जमणार नाही' म्हणून विषय संपवला होता. इथे एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून घरून काम करू देण्याची मागणी कायद्याने करता येते. आधी २६ आठवडे नोकरी झालेली लागायची. म्हणून मी रीतसर लेखी अर्ज दिला. मग मात्र त्यांना २ महिन्यांत निर्णय देणं भाग होतं. नकार द्यायचा तर आधी माझ्याशी चर्चा करायची आणि कायद्यात दिलेल्या ८ कारणांपैकी एखादं दाखवायचं. 'टीम स्पिरिट' त्या यादीत नाही! चर्चेला बसलो तेव्हा त्यांना एकही कारण धड मांडता येईना. निम्मा आठवडा घरून मंजूर झाला. हा हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही, हे खरं. पण लेखी विचारलं की समोरच्यालाही विचार करून उत्तर द्यावं लागतं.

*

माझं बाळ लहान होतं. भारतात बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक राजी असेल तरच. आमचे राजी नव्हते. नोकरी सोडली. राग अजून गेलेला नाही.

*

अमेरिकेतून लिहितोय. आमच्याकडे युनियन नाही, तरी आम्ही काही जणांनी मिळून पत्र दिलं. इथल्या १९३५ च्या कामगार कायद्याने सहकाऱ्यांनी एकत्र येऊन कामाच्या अटींबद्दल बोलण्याला संरक्षण आहे, युनियन असो वा नसो. सुपरवायझर मात्र त्यात येत नाहीत, म्हणून आमच्या लीडला आम्हीच सही करू दिली नाही. हुकूम मागे घेतला गेला नाही. पण ज्यांच्या ऑफर लेटरमध्ये 'रिमोट' लिहिलं होतं त्यांना वगळलं, आणि एका सहकाऱ्याची पाठदुखीसाठीची सवलत, जी एचआरकडे नुसती पडून होती, ती मार्गी लागली. आपापलं ऑफर लेटर आजच काढून वाचा.

*

मी टीम लीड आहे, म्हणजे हजेरीचा रिपोर्ट मलाच पाठवावा लागतो. नव्या मुलांना शेजारी बसून शिकवता येतं, त्यांच्यासाठी ऑफिस हवंच, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण ज्यांची अख्खी टीम दुसऱ्या शहरात आहे, ते इथे येऊन दिवसभर हेडफोन लावून कॉलवर असतात. त्यांना कशासाठी बोलवायचं? हे मी रिपोर्टसोबत दर महिन्याला लिहून पाठवते. अजून उत्तर नाही, पण पाठवणं थांबवणार नाही.