नामिबच्या पाणवठ्याचा लाइव्ह कॅमेरा: हे जंगल बघणं की नुसता टाइमपास?

जिप्सीला_रामराम:
गेले दोन महिने रात्री जेवण झालं की टीव्हीवर नामिबियातल्या नामिब वाळवंटातल्या पाणवठ्याचा लाइव्ह कॅमेरा लावतो. तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागे, म्हणजे आपल्या साडेनऊला तिथे सहा, उन्हं कललेली. काल अर्धा तास काहीच नाही आणि मग एक ओरिक्स हरण आलं, पाण्यापासून वीसेक पावलांवर थबकलं, नुसतं कान हलवत उभं, पाणी समोर आहे तरी पाच मिनिटं जागचं हललं नाही. ताडोबात एका वाघामागे सहा जिप्स्या आणि पुढच्या माणसाची टोपी बघून आलोय मी. माझं मत विचाराल तर कॅमेराच बरा, जनावराला आपला पत्ताही नसतो.

मचाणवाली:
पत्ता नसतो, कबूल. पण तो पाणवठाच माणसाने केलाय ना दादा! दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर अभयारण्यात बोअर मारून जागोजागी पाणी केलं, तर कोरड्या भागात झेब्रे घुसले, त्यांच्यामागे सिंह, आणि उत्तरेकडच्या रोन हरणांचं पार वाटोळं झालं, १९८६ मध्ये साधारण ४५० होती ती १९९३ ला ४५ वर. तुम्ही बघताय ते जंगल नाही, प्याऊ आहे.

उकडीचा_मोदक:
मग झिम्बाब्वेचं ह्वांगे अभयारण्य काय करणार? तिथे बारमाही नदीच नाही, हत्ती पंपाच्या पाण्यावर. २०१९ च्या दुष्काळात पंप चालू असूनही शेकड्याने मेले. प्याऊ म्हणून हिणवणं सोपं आहे.

आणि माझी आई ८१ वर्षांची, जिना उतरत नाही, ती रोज हेच बघते. शहामृगांना ‘परकर खोचलेल्या बायका’ म्हणते. तिला कुठल्या मचाणावर चढवू?

मचाणवाली:
आईंनी खुशाल बघावं हो, त्यांच्याशी भांडण नाही. भांडण ‘कॅमेराच बरा’ याच्याशी. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात प्राणिगणनेसाठी रात्रभर मचाणावर बसलेय, दिसलं काय तर दोन सांबरं आणि एक अस्वल. पण अस्वल यायच्या आधी वारा फिरला आणि वास आला, तो अजून नाकात आहे. नामिबमध्ये पखुर्डी (सँडग्राउस) पक्ष्याचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून तेच पाणी लांब पिल्लांपर्यंत नेतो. स्क्रीनवर त्याचा मातकट ठिपका होतो, उडाला की संपलं.

जिप्सीला_रामराम:
अहो मग तो ठिपका कसला हे आज तुमच्यामुळेच कळलं, आता उद्या सकाळचाही लावणार 😀 क्रूगरचं माहीत नव्हतं, मान्य. पण उद्या नामिबातला पंप बंद करा म्हणायची हिंमत आहे का तुमची? सवय लागलेल्या जनावरांनी जायचं कुठे?

मचाणवाली:
आहे हिंमत. एका रात्रीत नाही, टप्प्याटप्प्याने. क्रूगरने निम्म्याहून जास्त बोअर बंद केलेच की, काही बंधारेसुद्धा फोडले. तिथे कॅमेरा असता तर तेवढं बघायला मी पण बसले असते.