अपस्मारावरील संशोधकाचे काम सायटेशनवरून कसे जोखावे?

प्रश्न (शिक्षिका, फोंडा)

नमस्कार. १७ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय अपस्मार दिनानिमित्त आमच्या हायर सेकंडरीत अपस्मारावर, म्हणजे आकडी (फिट) येण्याच्या आजारावर, संशोधन करणाऱ्या एका मेंदूशास्त्रज्ञांचे व्याख्यान आहे आणि त्यांची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गूगल स्कॉलरवर त्यांच्या नावापुढे शोधनिबंध, सायटेशन (इतर निबंधांनी घेतलेले दाखले) आणि एच-इंडेक्स यांचे जे आकडे दिसतात, त्यापेक्षा स्कोपस या दुसऱ्या निबंध-सूचीवरचे बरेच कमी आहेत. मुलांसमोर नुसते आकडे वाचून दाखवणे मला पटत नाही. पण ते मुळीच न सांगणे त्यांच्या कामावर अन्याय करणारे ठरेल. यातले काय खात्रीने सांगता येईल?

उत्तर (ग्रंथपाल, पणजी)

बाई, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. स्कोपस निवडक नियतकालिके, ग्रंथ आणि परिषदांतील निबंध मोजते, तर गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छपाईपूर्व मसुदे) असे सगळेच धरते. म्हणून आकडा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, हे सोबत सांगावे.

एच-इंडेक्स ही कल्पना २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी मांडली. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांना ४०, २२, ९, ४ आणि ३ सायटेशन आहेत. तर त्याचा एच-इंडेक्स ४, कारण चार निबंधांना प्रत्येकी किमान चार सायटेशन मिळाली आहेत. पहिल्या निबंधाची सायटेशन ४० वरून ४,००० झाली तरी हा आकडा ४ च राहतो. शिवाय आपल्याकडे नाईक, कामत, गावडे ही आडनावे गावोगावी. आद्याक्षर जुळले की दुसऱ्याचे निबंध यादीत शिरतात. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) असल्यास त्यावरून यादी पडताळून घ्या.

उत्तर (संशोधक, ताळगाव)

माझ्या मते, आकड्यापेक्षा तो कोणत्या प्रकारच्या निबंधामुळे वाढला, हे अधिक महत्त्वाचे आहे. रॉबर्ट फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘एपिलेप्सिया’ या नियतकालिकात अपस्माराची व्यवहारोपयोगी व्याख्या मांडली. एकच आकडी कोणत्याही तात्कालिक कारणाशिवाय येऊन गेली असेल आणि पुढील दहा वर्षांत ती पुन्हा येण्याची शक्यता किमान ६० टक्के असेल, तर त्यालाही अपस्मार म्हणावे, असे त्यात ठरले. आता या विषयावर लिहिणारा माणूस पहिल्याच परिच्छेदात तिचा आधार घेतो. रॉनल्ड रॅसिन यांचा १९७२ चा निबंधही असाच. उंदरांतील आकडीची तीव्रता, चेहऱ्याच्या हालचालींपासून तोल जाऊन पडण्यापर्यंत, पाच टप्प्यांत मोजण्याची त्यांची पद्धत प्रयोगशाळांतून आजही वापरली जाते आणि ती वापरणारा प्रत्येक जण तो निबंध उद्धृत करतो. या निबंधांची योग्यता मोठीच आहे. पण एखाद्या दुर्मीळ जनुकावर वर्षानुवर्षे खपणाऱ्याची तुलना त्यांच्याशी करणे रास्त नाही. अनेक देशांच्या संयुक्त प्रकल्पांत लेखकांची यादी पानभर असते, तेव्हा पहिले नाव (सहसा मुख्य काम करणाऱ्याचे) कोणाचे, शेवटचे (सहसा मार्गदर्शकाचे) कोणाचे, हेही अवश्य पाहा.

उत्तर (डॉक्टर, मडगाव)

वरच्या मुद्द्याला रुग्णांच्या बाजूने जोड देतो. भारतात अपस्माराचे एक मोठे कारण न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत टेपवर्मच्या अळ्यांच्या गाठी होणे, हे आहे. श्रीमंत देशांत हा आजार कमी, त्यामुळे त्यावर लिहिणारेही कमी आणि सायटेशनही बेताचीच. पण ते काम आपल्या लोकांसाठी मोलाचे आहे. (गोव्यात अनेकांना वाटते की हा आजार थेट डुकराच्या मांसातून होतो. मेंदूतील गाठी मात्र बाधित माणसाच्या विष्ठेतील अंडी अन्नपाण्यातून पोटात गेल्याने होतात, म्हणून शाकाहारी माणसालाही हा धोका आहे. हे मुलांना जरूर सांगा.)

दिल्लीच्या एम्समधील २०१७ चा अभ्यासही माझ्या डोळ्यांसमोर आहे. औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांपैकी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांतील ७७ टक्के मुले वर्षभरानंतर आकडीमुक्त होती. केवळ औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. अशा निबंधाची सायटेशन सांगायची झाली, तर हे दोन आकडे आधी सांगावेत.

शिक्षिका, फोंडा

सर्वांची आभारी आहे. व्याख्यात्यांनी पहिले लेखक म्हणून लिहिलेले निबंध आज वेगळे काढते, आणि स्वतःच्या कामातील कोणता निबंध त्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटतो, हे त्यांनाच पत्राने विचारते. एच-इंडेक्स तारखेसह एका वाक्यात सांगेन.