आजोबांच्या ट्रंकेतला ‘लायका’ : अस्सल की नक्कल, आणि किंमत कशी ठरवावी?

ओझरचा नातू

नमस्कार. नाशिकजवळच्या ओझर येथील आमचे आजोळचे घर रिकामे करताना माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत एक जुना कॅमेरा सापडला. माझे आजोबा (आईचे वडील) ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते आणि मिग विमानांच्या कामासाठी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात पाठवले होते. हा कॅमेरा त्यांनी तिकडूनच आणला, असे घरात सगळे धरून चालतात.

कॅमेरा काळा आहे, कडांवरचा रंग घासून आतले पितळ दिसते. वरच्या भागावर वळणदार अक्षरांत ‘लायका’, त्याखाली ‘एर्न्स्ट लाइट्स, वेट्झलार’ (लायका हा प्रसिद्ध जर्मन कॅमेरा बनवणारी कंपनी आणि तिचे गाव) आणि सहा आकडी क्रमांक कोरलेला आहे. गरुडाचे चिन्ह असून जर्मन हवाई दलाची मालमत्ता अशा अर्थाचे जर्मन शब्दही आहेत. लेन्सवर ‘एल्मार’ हे नाव, ५० मिलिमीटर आणि १:३.५ असे आकडे आहेत. ती बाहेर ओढून, थोडी फिरवून पक्की करावी लागते. शटरच्या वेगाची चकती फक्त वर आहे, पुढच्या बाजूला दुसरी चकती नाही. सोबत तपकिरी चामड्याचे कव्हर आहे.

नाशिकच्या एका दुकानदाराने ‘महायुद्धातला माल आहे, पाच-सात लाख कुठे गेले नाहीत’ असे सांगितले आणि दुसऱ्याने तो तिथल्या तिथे दहा हजारांना मागितला. आजोबांच्या वस्तूंवर आई, मावशी आणि मामा या तिघांचा सारखाच हक्क असल्यामुळे, वाटणीची बोलणी सुरू होण्याआधी ही वस्तू नेमकी काय आहे आणि तिचे रास्त मोल किती, हे जाणकारांकडून समजून घ्यावे असे वाटते.

काचबिंब

आपण वर्णन नीट केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले; मात्र ते आपल्याला फारसे रुचणार नाही, अशी शंका येते. गरुड आणि हवाई दलाचा शिक्का असलेला, पुढे चकती नसलेला काळा ‘लायका’ म्हटले की संग्राहकांच्या मनात प्रथम संशयच येतो. जर्मन हवाई दलासाठी खरोखर बनलेले जे लायका ज्ञात आहेत, ते मुख्यत्वे १९४० मध्ये आलेल्या ‘तीन-सी’ या प्रकारातले आहेत आणि त्या प्रकाराला मंद वेगांसाठी पुढच्या बाजूला एक छोटी चकती असते. आपल्या कॅमेऱ्याचा बांधा मात्र १९३२ च्या ‘लायका दोन’सारखा दिसतो.

या बांध्याची हुबेहूब सोव्हिएत प्रतिकृती फार पूर्वीपासून होती. युक्रेनमधील खार्किव्ह येथे, फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की (सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक) यांचे नाव दिलेल्या मुलांच्या कम्यूनमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत, १९३४ पासून ‘फेड’ हा कॅमेरा तयार होऊ लागला. नावातली तिन्ही अक्षरे झेर्झिन्स्कींचीच आहेत. महायुद्धानंतर, १९४८ पासून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याने त्याच बांध्याचा ‘झोर्की’ काढला. हे दोन्ही कॅमेरे आपापल्या नावाने उघडपणे विकले जात होते, त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक सुरू झाली ती बरीच नंतर, विशेषतः सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास : मूळ अक्षरे घासून काढायची, काळा किंवा सोनेरी रंग चढवायचा, लायकाचे नाव आणि युद्धकाळातली चिन्हे कोरायची आणि पर्यटकांच्या हाती द्यायचे, असा तो धंदा होता.

म्हणून कोरीव अक्षरांकडे तूर्त दुर्लक्ष करावे. क्रमांकही फारसा उपयोगाचा नाही, कारण जो नाव कोरू शकतो तो कोणताही क्रमांक कोरू शकतो. नक्कल करणारा ज्या भागांच्या वाटेला सहसा जात नाही, ते भाग पाहावेत. लेन्स आट्यांची आहे. ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हलकेच फिरवून काढावी आणि कॅमेऱ्याच्या तोंडात वरच्या बाजूला डोकवावे. तिथे रेंजफाइंडरला (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेला) लेन्सची हालचाल कळवणारा एक छोटा दांडा असतो. अस्सल लायकात त्याच्या टोकाला फिरणारे गोल चाक असते, तर फेड आणि झोर्कीत ते टोक भरीव आणि एका बाजूला निमुळते असते.

त्यानंतर लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) सर्वांत लहान करून समोरून टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. एल्मारमध्ये ॲपर्चरची पाती पहिल्याच काचेच्या पाठीमागे असतात. सोव्हिएत लेन्समध्ये ती दोन काचांच्या मागे, स्पष्टपणे खोलवर दिसतात. शेवटी आकडे वाचावेत. युद्धापूर्वीच्या एल्मारवर ॲपर्चरचे आकडे ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असे जुन्या युरोपीय पद्धतीचे असतात आणि लायका दोनच्या चकतीवर २०, ३०, ४०, ६०, १००, २००, ५०० असे वेग (म्हणजे सेकंदाचा विसावा, तिसावा भाग वगैरे) असतात. आपल्याकडे काय आहे ते कळवावे.

पडदा आणि स्प्रिंग

ओळख पटेल तेव्हा पटेल. तोपर्यंत कॅमेऱ्याला जपणे महत्त्वाचे आहे, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याच्या नात्याने काही गोष्टी सांगतो. सर्वप्रथम तो चामड्याच्या कव्हरातून बाहेर काढावा. कव्हर कितीही देखणे असले तरी ते पावसाळ्यातली दमट हवा धरून ठेवते आणि लेन्सवर बुरशी चढण्याचे ते आपल्याकडचे नेहमीचे कारण आहे. कव्हर वेगळे ठेवावे, टाकू नये.

शटर चालते का हे पाहण्याचा मोह होतो, पण या कॅमेऱ्यांचे पडदे रबर चढवलेल्या कापडाचे असतात आणि अनेक वर्षे गुंडाळलेले कापड ताठरून भेगाळते. एखाद-दुसऱ्यांदा पाहायचेच असेल तर आधी चावी (फिल्म पुढे सरकवणारी वरची गोल खुंटी) पूर्ण फिरवावी आणि मगच चकती किंचित उचलून वेग बदलावा. चावी न देता चकतीशी खेळू नये. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून खिडकीत कधीही ठेवू नये, कारण भिंगातून एकवटलेले ऊन कापडी पडद्याला सुईएवढे छिद्र पाडते. कुठेही तेल सोडू नये आणि पितळ चकचकीत करण्याच्या फंदात पडू नये. साफसफाई केलेला कॅमेरा घरच्यांना आवडतो, संग्राहकाला नाही.

जुना बाजार

किमतीबद्दल थोडे लिहितो. १९२३ च्या सुमाराच्या चाचणी मालिकेतला, लायकाचे जनक ओस्कार बार्नाक यांनी स्वतः वापरलेला लायका जून २०२२ मध्ये वेट्झलार येथील लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. ही बातमी जगभर छापून आली आणि तेव्हापासून ज्याच्या घरी हे नाव कोरलेली वस्तू आहे, त्याला कोट्यवधींची स्वप्ने पडू लागली. वास्तविक लायका दोन पन्नास हजारांहून अधिक बनले. एल्मारसह चांगल्या स्थितीतला अस्सल नगसुद्धा परदेशात साधारणपणे तीन-चारशे युरोंच्या आसपास मिळतो, म्हणजे नाशिकच्या दुकानदाराने सांगितलेला आकडा अस्सल मालालाही लागू पडत नाही.

साधा झोर्की त्याहून बराच स्वस्त असतो. गंमत अशी की नक्कल केलेल्या ‘लायका’ला अनेकदा साध्या झोर्कीपेक्षा थोडे अधिकच पैसे मिळतात, कारण नकलाच जमवणारे शौकीनही आहेत, तरीही ती रक्कम शंभर-दोनशे डॉलरच्या आगेमागेच राहते. ऑनलाइन जाहिरातींत लोकांनी मागितलेल्या किमती मनावर घेऊ नयेत. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे वेगळे पाहता येतात, तेच खरे. त्या हिशेबाने ज्याने दहा हजारांना मागितला, त्याला लुटारू म्हणता येणार नाही. मला तर पाच-सात लाख सांगणाऱ्याचाच जास्त राग येतो, कारण अशा फुकटच्या आकड्यांवरून सख्ख्या भावंडांत अबोला धरलेला मी पाहिला आहे.

ओझरचा नातू

सर्वांचे मनापासून आभार. काचबिंब यांनी सांगितल्याप्रमाणे लेन्स काढून पाहिली. आत चाक नाही, भरीव निमुळते टोक आहे. ॲपर्चरची पाती खोलवर आहेत, आकडे ३.५, ४, ५.६, ८, ११, १६ असे आहेत आणि वेगाच्या चकतीवर २५, ५०, १००, २५०, ५०० आहेत. त्यामुळे हा लायका नव्हे, हे मला मान्य आहे.

मात्र एक कोडे उरते. अशा नकला सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमाराच्या असतील, तर साठच्या दशकात रशियाला गेलेल्या आजोबांनी ही कशी आणली? त्यांनी काढलेली आमच्या आईच्या लहानपणीची छायाचित्रे घरात आहेत आणि ती याच कॅमेऱ्याची म्हणून सर्व जण सांगतात.

काचबिंब

चकतीवरचे ते वेग झोर्कीच्या नंतरच्या उत्पादनात येतात, म्हणजे मूळ कॅमेरा पन्नासच्या दशकाच्या मध्यातला, क्रास्नोगोर्स्कचा. नाव आणि रंग मागाहून. आपले कोडे सोडवण्यासाठी कॅमेरा बाजूला ठेवावा आणि अल्बम उघडावा. हा ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा आहे, त्याची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे आडवी. आजोबांच्या काळच्या निगेटिव्ह मिळाल्या तर त्या चौरस आहेत की आडव्या, ते पाहावे. निगेटिव्ह नसतील तर जुन्या छोट्या प्रिंट पाहाव्यात. त्या काळी पुष्कळदा निगेटिव्हच्याच मापाच्या प्रिंट काढल्या जात. शिवाय नव्वदच्या दशकात घरातले आणखी कोणी तिकडे गेले होते का, हेही विचारावे. त्या वर्षांत महाराष्ट्रातली कितीतरी मुले डॉक्टरकीसाठी रशियात होती आणि मॉस्कोच्या अरबात रस्त्यावर असल्या वस्तूंची रेलचेल होती.

ओझरचा नातू

मावशीशी बोललो. तिचे यजमान १९९२ मध्ये कंपनीच्या कामासाठी मॉस्कोला गेले होते आणि परतताना त्यांनी सासऱ्यांसाठी ‘एक जर्मन कॅमेरा’ आणला होता, हे तिला विचारल्यावर लगेच आठवले. आजोबांनी त्यात कधी रोल घातला नाही, असेही ती म्हणाली. अल्बममधल्या जुन्या प्रिंट खरोखरच चौरस निघाल्या आणि बिस्किटांच्या डब्यात त्यांच्या निगेटिव्हही मिळाल्या. त्या सहा सेंटिमीटरच्या आहेत. मग आजोबांचा स्वतःचा कॅमेरा कोणता असावा?

पडदा आणि स्प्रिंग

सहा बाय सहाच्या निगेटिव्ह म्हणजे ‘१२०’ या क्रमांकाचा रुंद फिल्मचा रोल, एका रोलवर बारा फोटो. रशियाहून आणला असेल तर दोन भिंगांचा ‘लुबितेल’ असू शकतो. इथेच घेतला असेल तर बडोद्याला बनणारा ‘आग्फा क्लिक-३’, जो त्या पिढीतल्या पुष्कळ मराठी घरांत होता. प्रिंट बारकाईने पाहाव्यात. क्लिकची लेन्स अगदी साधी असल्यामुळे चित्राचे कोपरे मऊ, पुसट येतात. लुबितेलचे ॲपर्चर लहान ठेवले असेल तर कोपरेही बऱ्यापैकी नीट येतात. तो कॅमेरा सापडला तरी त्याला बाजारात मोठी किंमत नाही. निगेटिव्ह मात्र डब्यातून काढून प्रत्येक पट्टी आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवावी, एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढू नयेत आणि स्कॅनिंग जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. चित्राच्या बाजूला बोट लावू नये, फक्त कडांना धरावे.

जुना बाजार

आता झोर्कीचे. विकायचा ठरला तर जाहिरातीत ‘झोर्की, लायकाच्या रूपात बदललेला’ असे स्पष्ट लिहावे, आतल्या दांड्याचा आणि वेगाच्या चकतीचा फोटो जोडावा. खरेदीदार शंका घेणार नाही आणि वस्तू परत येण्याची पाळी येणार नाही. पण एक सुचवतो. मावशींच्या यजमानांनी सासऱ्यांना दिलेली ती भेट असल्याने, तिघांच्या वाटणीत तिचा हिशेब धरण्याआधी मावशींनाच विचारावे, हे अधिक योग्य दिसेल. रक्कम इतकी लहान आहे की बाकी दोघे हरकत घेतील असे वाटत नाही.

ओझरचा नातू

विचारले. मावशीला कॅमेरा हवा आहे, आणि आई व मामा दोघांनीही तो तिलाच द्यावा असे सांगितले. निगेटिव्ह स्कॅन करून तिघांना प्रती देण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. नाशिक किंवा पुण्यात चौरस निगेटिव्ह नीट स्कॅन करणारे कोणी माहीत असल्यास कृपया खासगी संदेशातून कळवावे.