चीनमध्ये खाल्लेली ती रुंद नूडल: लानचौची, शिआनची की झेंगचौची?

सोलापुरी
२०१६ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं बीजिंगहून रेल्वेने निघालो. शिज्याच्वांगला उतरून डॉ. कोटणीसांच्या समाधीचं दर्शन घेतलं. सोलापूरच्या माणसाला ते चुकवून पुढं जाता येतच नाही. मग झेंगचौ, लोयांगची लेणी आणि शेवटी शिआन. या वाटेवर एका गावात स्टेशनाबाहेर जे खाल्लं, त्याचं नाव मला हवंय. गाव कुठलं, यावर आमच्या घरातच एकमत नाही.

मोठ्ठा वाडगा. रस्सा पांढरा, तिखटाचा तवंग अजिबात नाही. दोन बोटं रुंद, लांबलचक, चांगली चावावी लागणारी नूडल. मटणाचे बारीक तुकडे. सोबत अख्ख्या लसणाचं गोडसर आंबट लोणचं. दुकानावर हिरवी पाटी, त्यावर अरबी अक्षरं. आचारी नूडल हातानेच ओढत होता. कुणी सांगेल का?

पश्चिमवारा
लानचौ लाम्येन. हाताने ओढलेली नूडल, हिरवी पाटी, अरबी अक्षरं, म्हणजे ह्वे मुसलमानांचं दुकान. अशी दुकानं चीनच्या प्रत्येक शहरात आहेत आणि त्यातली बरीचशी छिंगहाय प्रांतातल्या ह्वालोंगची मंडळी चालवतात. रुंदीवर जाऊ नका. लानचौत केसासारख्या बारीक नूडलपासून पट्ट्यासारख्या रुंद नूडलपर्यंत हवी ती जाडी मागता येते.

नीलाक्षी
मला शिआन वाटतं. लसणाचं ते गोड लोणचं यांगरौ फाओमो या तिथल्या मटणाच्या पदार्थासोबत हमखास येतं. तिथला मटणाचा रस्साही पांढुरका असतो, आणि शिआनचा मुस्लिम मोहल्ला तर प्रवाशांच्या पायाखालचाच. रुंद नूडल म्हटलं की ब्यांगब्यांग आहेच. दादा, दोन वेगळ्या जेवणांची आठवण एक झाली असेल.

रस्सा_आधी
दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत. अशा वेळी आधी रस्सा बघावा, मग नूडल, आणि पाटी सगळ्यात शेवटी.

लानचौचा रस्सा गोमांसाचा आणि नितळ असतो. त्यात पांढऱ्या मुळ्याच्या चकत्या, वर लाल मिरचीचं तेल, कोथिंबीर आणि लसणाची पात. नूडल पिवळसर, कारण कणकेत क्षार घालतात. पूर्वी ही राख एका रानटी झुडपापासून करत. यातलं सोलापुरींनी काय सांगितलं? काहीच नाही. तिखटाचा तवंग नव्हता, असं उलट त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

फाओमोत मुळात नूडल नसतेच. गिऱ्हाईक स्वतः जाड रोटीचे बारीक तुकडे करून देतं आणि त्यावर रस्सा येतो. हे स्वतःच्या हाताने केलेलं काम कुणी विसरत नाही. ब्यांगब्यांग साधारणपणे रश्शाशिवायच येते, वर तिखट आणि कडकडीत तेल.

ही झेंगचौची ह्वेम्येन आहे. हेनान प्रांताचं रोजचं खाणं. हाडं मोठ्या आचेवर खळाखळा उकळतात, चरबी पाण्यात मिसळून जाते आणि रस्सा दुधासारखा होतो. आपल्या कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शासारखा दिसतो, पण नारळ नाही, काजू नाही. मैद्यात मीठ घालून पीठ मळतात, तळहाताएवढ्या लाद्या करून तेल लावून मुरवत ठेवतात. गिऱ्हाईक आलं की लादी दोन टोकांना धरून ओढायची, मधून फाडायची आणि थेट पातेल्यात.

सोलापुरी, एकच सांगा: वाडग्यात मटण आणि नूडल सोडून काय होतं?

पश्चिमवारा
पुस्तकातलं वर्णन आणि स्टेशनाबाहेरचं दुकान यात फरक असतो. लाम्येनच्या दुकानात मटणाचे पदार्थही मिळतात आणि परदेशी गिऱ्हाईक बघून तिखट न घालता देतात. माझ्यापुढे असा वाडगा आलेला आहे. नितळ रश्शाचा नियम लानचौ शहरात पाळतात. बाहेर सगळीकडे पाळतातच असं नाही.

नीलाक्षी
आणि लसणाचं काय? त्यावर कुणी बोललंच नाही.

रस्सा_आधी
नीलाक्षीताई, हे लोणचं एकट्या शिआनचं नाही. उत्तर चीनमध्ये मटण असेल तिथं ते येतं. बीजिंगच्या मटण हॉटपॉटसोबतही देतात, ह्वेम्येनसोबतही. त्यावरून गाव ठरत नाही.

पश्चिमवारा, तिखट वगळतील हे मान्य. पण तिखट वगळल्याने नितळ रस्सा पांढरा होत नाही. त्यासाठी हाडं तासन्‌तास उकळावी लागतात. ते काम एका परदेशी गिऱ्हाइकासाठी कुणी करत नाही.

सोलापुरी
बायकोला विचारलं. तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतंय. तळाशी पारदर्शक बारीक शेवया होत्या. काळपट हिरव्या, बुळबुळीत पट्ट्या होत्या, समुद्राचा वास येणाऱ्या. त्या तिने माझ्या वाडग्यात टाकल्या होत्या. आणि पिवळट, कापडाच्या चिंधीसारखं काहीतरी.

रस्सा_आधी
समुद्राचा वास म्हणजे केल्प, समुद्री शेवाळ. पिवळट पट्ट्या म्हणजे दाबून पातळ केलेला टोफू. शेवया स्टार्चच्या. हे तिन्ही एका वाडग्यात रुंद नूडलसोबत आले, की ती ह्वेम्येनच. वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांच्या साक्षीने धागा सुटला.

समुद्रापासून इतक्या आत असलेल्या प्रांतात रोजच्या वाडग्यात समुद्री शेवाळ पडतं, हे मला फार आवडतं. झेंगचौतल्या श्याओची या नावाजलेल्या घराण्याच्या ह्वेम्येनमध्ये तर समुद्री काकडी आणि स्क्विडही असतं. दुसरं मोठं नाव हची, तिथली मटणाची. पुन्हा जाल तर दोन्हीकडे जा.

पश्चिमवारा
वाडगा ह्वेम्येनचा दिसतोय, पण गाव झेंगचौ हे यातून सिद्ध होत नाही. हेनानची माणसं ही दुकानं शेजारच्या प्रांतांतही चालवतात. शिज्याच्वांगलाही खाल्लेली असू शकते.

सोलापुरी
बायको शिज्याच्वांगच म्हणते. समाधीहून परतताना, भर दुपारी. मी अजूनही झेंगचौवर ठाम आहे, कारण दुसऱ्या दिवशी लोयांगची गाडी तिथूनच पकडली होती. जुने फोटो संगणकावर आहेत, त्यांच्या वेळा बघून इथेच कळवतो.