डायरेक्ट सिनेमा १९६० च्याच सुमारास का?

प्रश्न
१६ मिमी कॅमेरे १९२३ पासून आहेत, महायुद्धात तर ते हातात धरूनच वापरले गेले. मग डायरेक्ट सिनेमा, म्हणजे घडतंय ते मध्ये न पडता हातातल्या कॅमेऱ्यानं आवाजासकट टिपणारा माहितीपट, करायला अमेरिकेतल्या ड्रू, लीकॉक, पेनेबेकर, मेझल्स या मंडळींना १९६० उजाडावं का लागलं? सगळे ‘हलका कॅमेरा आला’ एवढं सांगून मोकळे होतात.

उत्तर १
गाडी आवाजापाशी अडली होती. बातम्यांसाठीचे ऑरिकॉन कॅमेरे फिल्मच्या कडेलाच आवाज उमटवत, पण १६ मिमीवर तो चित्राच्या २६ फ्रेम पुढे असतो. चित्र कापलं की वाक्य भलतीकडेच तुटतं.

म्हणून आवाज वेगळ्या टेपवर हवा. खांद्याला लटकवता येणारा, ट्रान्झिस्टरवरचा नाग्रा ३ टेप रेकॉर्डर आला १९५८ साली. पण टेपला फिल्मसारखी कडेची छिद्रं नसतात, ती घसरते. ४०० फुटी रिळात १६,००० फ्रेम, म्हणजे ११ मिनिटं. वेग ०.१ टक्का चुकला तरी शेवटी १६ फ्रेमची तफावत. ओठ तर दोन-तीन फ्रेमनीही खटकतात. म्हणून कॅमेऱ्याच्या मोटरचा पायलट टोन, म्हणजे तिचा वेग सांगणारा संकेत (अमेरिकेत ६० हर्ट्झ), केबलनं टेपवर नोंदवायचा आणि छिद्रवाल्या मॅग्नेटिक फिल्मवर आवाज उतरवताना त्यावरून वेग दुरुस्त करायचा.

उत्तर २
बरोबर, पण केबल म्हणजे दावंच! कॅमेरावाला आणि आवाजवाला एकमेकांना बांधलेले, गर्दीत ती अडकणार किंवा निसटणार. ‘प्रायमरी’ (ड्रूच्या मंडळींचा केनेडीच्या प्राथमिक निवडणुकीवरचा १९६० चा माहितीपट) नंतर लीकॉक-पेनेबेकर यांनी बुलोव्हाच्या अ‍ॅक्युट्रॉन घड्याळातला ३६० हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठरावीक गतीनं कंपणारा चिमटा) कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हीकडे वेळेचा आधार म्हणून वापरला आणि केबल सुटली.

‘प्रायमरी’ला सिंकचा, म्हणजे चित्र आणि आवाज तंतोतंत जुळण्याचा, आदर्श मानू नका. त्यात बऱ्याच ठिकाणी आवाज सिंक नाही, थोडं निवेदनही आहे. केनेडीमागून गर्दीतून मंचापर्यंत जाणारा तो गाजलेला शॉट मेझल्सनं वाइड लेन्स लावून, कॅमेरा डोक्यावर धरून घेतला. तो सिंक नाहीच.

उत्तर ३
फक्त अमेरिका धरू नका. कॅनडाचा कॅमेरामन मिशेल ब्रो याचं हातातल्या कॅमेऱ्याचं काम १९५८ चं आहे. पुढे फ्रेंच माहितीपटकार रूशनं त्याला पॅरिसला बोलावून घेतलं. रूश आणि त्याचा साथीदार समाजशास्त्रज्ञ मोरँ कॅमेऱ्यासमोर मुद्दाम प्रश्न टाकत, ड्रूची मंडळी मध्ये पडत नसत. दोन्हींना ‘व्हेरिते’ (सिनेमा व्हेरिते, ‘सत्य-सिनेमा’) म्हणणं हा घोळ आहे.

प्रश्नकर्ता
क्लॅप (जुळवणीसाठी शॉटच्या सुरुवातीला वाजवायची पाटी) न देता सिंक कसं जुळवत? पाटी वाजवली की समोरचा माणूस सावध होणारच.

उत्तर १
शॉट संपता संपता माइकवर बोटानं एक टिचकी, कॅमेऱ्याला दिसेल अशी. मग शॉटच्या शेवटाकडून सुरुवातीकडे जुळवत यायचं. रीळ मध्येच संपलं तर टिचकी राहून जाते. मग दार आपटल्याचा किंवा कप ठेवल्याचा आवाज शोधत बसायचं.