बार्ट स्टारला विसरलात की!
ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव फार्व्ह आणि रॉजर्स या क्वार्टरबॅकमुळे (चेंडू फेकून चाल चालवणारे खेळाडू) झालं असं म्हणतात, ते अर्धंच खरं. त्यांच्या आधीचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार कुठे गेला? १९५६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पार सतराव्या फेरीत, २०० व्या क्रमांकावर घेतलेला गडी. पुढे पाच अजिंक्यपदं, त्यात पहिले दोन्ही सुपर बोल (मोसमाचा अंतिम सामना).

३१ डिसेंबर १९६७ ची डॅलसविरुद्धची मॅच तर बघाच. तापमान उणे २५ सेल्सिअस, मैदानाखालची हीटिंग बंद पडलेली, पंचाची शिट्टी ओठाला चिकटलेली! पॅकर्स तीन गुणांनी मागे, १६ सेकंद शिल्लक, टाइमआउट (खेळ थांबवायची मुभा) संपलेले. फील्ड गोलने (खांबांमधून चेंडू लाथाडला की तीन गुण) बरोबरी साधता आली असती, पण स्टार पठ्ठ्या वाट काढणाऱ्या सहकारी जेरी क्रेमरच्या मागून स्वतःच चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे घुसला. २१-१७ ने जिंकले. (श्रेय सगळं प्रशिक्षक लोम्बार्डीला देतात, स्वतः घुसायची कल्पना मात्र स्टारचीच.)