मदत हवी आहे: साठीपुढच्यांचा लठ्ठपणा, राज्याराज्यांतली तुलना

नमस्कार मंडळी,

इंदूरला आमच्या ज्येष्ठ मंडळात पुढच्या महिन्यात वजन आणि आहार यावर बैठक आहे. माहिती जमवायचं काम माझ्याकडे आलंय. बहुतेकांचे नातेवाईक पुण्याला नाहीतर बडोद्याला, त्यामुळे ‘माळव्यातले लोक जास्त सुटलेत का?’ हा प्रश्न येणारच. पोहे-जिलबी आणि शेवेवर खापर फोडून मोकळं व्हायचं नाहीये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे सगळीकडे मिळतात, पण त्यातली वजनाची टक्केवारी 15 ते 49 वयाच्या स्त्री-पुरुषांची आहे. सत्तरीतली माणसं त्यात नाहीतच. ‘लासी’ (LASI, भारतातल्या वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास) त्यापेक्षा कामाचं आहे. 2017-18 मध्ये झालेल्या या पाहणीत 45 वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून जास्त जण होते, आणि त्यांतल्या बहुतेकांची वजन-उंची-कंबर मोजली होती. त्यात पंजाब-चंडीगढकडे लठ्ठपणा जास्त, झारखंड-छत्तीसगढकडे उलट कमी वजनाचे वृद्ध जास्त दिसतात. पण मध्य प्रदेशच्या सरासरीत झाबुआचा शेतमजूर आणि इंदूरचा पेन्शनर एकत्र येतात. ती सरासरी आमच्या मंडळाला लावणं मला पटत नाही.

दुसरा घोळ मोजमापाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 25 पासून जादा वजन आणि 30 पासून लठ्ठपणा. आपल्याकडचे बरेच डॉक्टर 23 आणि 25 धरतात. म्हणजे दोन अहवालांतले निकष वेगळे असले तर फरक प्रांताचा नसून निकषाचाच निघायचा! त्यात म्हातारपणी उंची घटते. माझ्या आईची उंची आता 150 सेंटीमीटर, वजन 56 किलो, म्हणजे बीएमआय जवळजवळ 25. तरुणपणची 155 धरली तर तोच 23.3 येतो. शिवाय स्नायू झिजून त्या जागी चरबी वाढली तर काटा काहीच सांगत नाही. म्हणून बैठकीत टेपनं कंबर मोजावी असं मला वाटतंय: पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरून.

तर जाणकारांनी सांगावं: लासीचे 60 वर्षांवरचे आकडे शहरी-ग्रामीण वेगळे करून मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात असे शेजारी मांडलेले कुठे मिळतील? आणि पाठीला बाक आलेल्या माणसाची उंची कशी धरता तुम्ही? मंडळात असे बरेच आहेत, आणि चुकीचा आकडा ऐकून कुणी घाबरून जेवण तोडावं अशी माझी अजिबात इच्छा नाही. साठीनंतर उपाशी राहून वजन उतरवलं की आधी ताकद जाते. कुणी वृद्धांबरोबर काम करणारे फिजिओथेरपिस्ट किंवा आहारतज्ज्ञ इथे असतील तर जरूर लिहा. हिंदी किंवा गुजरातीत माहिती असली तरी चालेल, वाचता येतं.